तहरीमच्या नावाचं पाणी

हमीद शुवैखच्या एका वर्कशॉपात पंप दुरुस्त करतो. मूळचा रत्नागिरीकडचा, पण उभी हयात कुवेतात गेली. पंपाच्या नुसत्या आवाजावरून त्याला बिघाड कळतो. घरचा बिघाड मात्र त्याच्या हाताबाहेरचा होता. नऊ वर्षांची लेक तहरीम तापाचं निमित्त होऊन गेली आणि तिची आई, झुलेखा, जेवणाखाण्यातूनच उठली, अंथरुणाला खिळली.

गेलेल्या माणसाच्या नावाने आफ्रिकेत पाण्याची सोय करून द्यायची इथे रीत आहे. लोक पाणी पितात, त्याचा सवाब, म्हणजे पुण्य, त्या माणसाला पोचतं. हमीदनेही एका संस्थेमार्फत तहरीमच्या नावाने बोअर मारून घेतली. चाडमधल्या एका आडगावाहून फोटो आला: हातपंप, त्यावर मुलीच्या नावाची पाटी, भोवती हसणारे गावकरी. झुलेखाने तो हॉलमध्ये लावला आणि हळूहळू ती माणसांत आली. घरी येणाऱ्याला आधी फोटो, मग चहा.

यंदा त्याच संस्थेला तिकडे पंप बसवायला माणूस हवा होता. हमीद एका पायावर तयार झाला. काम उरकल्यावर त्याने ड्रायव्हरला गळ घातली आणि गाडी तहरीमच्या पंपाच्या गावाकडे वळवली.

पाटी लांबूनच चमकली. पंपाला हात घातला, तर दांडा नुसताच खालीवर. त्याने पाइप उपसून पाहिला, तो ठणठणीत कोरडा. बोअरच उथळ मारली होती. वरचं पाणी आटलं आणि सगळं संपलं. फोटो काढण्यापुरतं पाणी लागलं होतं, म्हणजे झालं! हमीदला संस्थेचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. पंपात मुरलेल्या माणसाने फोटो पाहिला, खोली विचारली नाही.

गावात खतिजा नावाची म्हातारी होती. तिने पाहुण्यापुढे पाण्याचा वाडगा धरला. लांबच्या डबक्यातून डोक्यावरून आणलेलं, गढूळ पाणी. पोरं वाडग्याकडे टक लावून उभी. हमीदने वाडगा पोरांपुढे केला.

"पाटी कोण पुसतं?" त्याने विचारलं.

ड्रायव्हरने म्हातारीचं बोलणं सांगितलं, "मीच पुसते म्हणते. दर जुम्म्याला सगळे इथे जमून त्या मुलीसाठी दुआ मागतात. पंप बसवला तेव्हा संस्थेला तसा शब्द दिला होता."

"पण पाणी तर नाही!"

म्हातारीला त्या बोलण्याचंच नवल वाटलं. "त्यात पोरीचा काय दोष?" ती म्हणाली.

हमीद पंपाला टेकून ढसाढसा रडला.

परतीच्या विमानात त्याने खोटं बोलायची तयारी केली. पाणी गोड आहे म्हणायचं, बस्स. झुलेखा पुन्हा अंथरुणाला खिळली तर? पण घरात पाऊल टाकलं, तिने थंड पाण्याचा ग्लास हातात दिला आणि विचारलं, "आपल्या तहरीमचा पानी पिलात ना तुमी? कसा हाय?" आणि हमीदचा बांध फुटला. त्याने सगळं सांगून टाकलं, जुम्म्याच्या दुआसकट.

झुलेखा उठून फोटोपाशी गेली. तिने तो भिंतीवरून उतरवला आणि पदराखाली धरला.

"त्या गाववाल्यांना सांगून धाडा," ती म्हणाली, "पानी लागंपर्यंत दुआत माझ्या पोरीचा नाव घेव नका."