कौसाबाईचा सत्तेचाळीस नंबरचा डबा

कौसाबाई आणि मी बदलापूरला बेलवलीच्या चाळीत बावीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. भिंत अशी पातळ की तिच्याकडं कुकरची शिट्टी झाली की मी माझा गॅस बारीक करायला उठायची. तेव्हा जे लिहिते आहे ते ऐकीव नाही.

कौसाबाई उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. संध्याकाळी घरी यायची ती निळी बोटं घेऊन. साबणानं घासली, लिंबानं घासली, तरी नखाच्या कडेला निळं राहायचंच. तिची मुलगी संध्या लहान असताना विचारायची, "आई, तुझी बोटं निळी, मग भाकरी पांढरी कशी?" कौसाबाई म्हणायची, "निळं सगळं मी ठेवते, पांढरं तुला देते."

पगार झाला की ती तिथल्याच बाजारातून स्टीलचं एक भांडं घ्यायची, संध्याच्या लग्नासाठी. दुकानदार मशीन फिरवून नाव घालून द्यायचा : चि. संध्या हिस आई-बाबांकडून. कधी पातेलं, कधी तांब्या, कधी कडीचा डबा. एकवीस भांडी झाली. जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर ठेवली.

आणि दोन हजार चारला संध्यानं कोर्टात जाऊन लग्न केलं. मुलगा दुसऱ्या समाजातला. कौसाबाईचा नवरा भगवान अंबरनाथला कंपनीत फिटर. भाऊजी वाईट माणूस नव्हेत, पण त्या दिवशी म्हणाले, "तिच्या दारात गेलीस तर या दारात येऊ नको. आणि त्या भांड्यांना कुणी हात लावायचा नाही." विकायचीही नाहीत, वापरायचीही नाहीत. हे कसलं न्याय-निवाड्याचं बोलणं, मला अजून समजलेलं नाही.

दोन वर्षं कौसाबाईनं लेकीला पाहिलं नाही. भाकरी मात्र रोज एक जास्त थापायची आणि सकाळी मला आणून द्यायची. "चुकून झाली गं, द्रौपदी." रोज चुकायची. मी पण रोज घ्यायची.

मग माझी नात स्वप्नाली कॉलेजच्या पिकनिकला कर्जतच्या पुढं एका वॉटर पार्कला जाऊन आली. म्हणाली, "आजी, संध्याताई तिथं गेटवर ड्युटीला आहे. युनिफॉर्म, टोपी, सगळं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत ना, ती पिशव्या तपासते. डबे ठेवून घेते, टोकन देते."

भिंत पातळ असली तरी हे मी जाऊनच सांगितलं. कौसाबाई तांदूळ निवडत होती. निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "म्हणजे डबा तिच्या हातात जातो?"

"जातो."

"बरं," म्हणाली, आणि परत खडे वेचायला लागली. पण सुपातले तांदूळच बाहेर टाकत होती.

पुढच्याच रविवारी विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळाची सहल ठरत होती. आमच्या अध्यक्षा गोजरबाई. दरवर्षी त्या लेण्यांना नेतात. कौसाबाई कधी तोंड न उघडणारी, ती उठून म्हणाली, "या वेळी पार्कला जाऊ. मला घसरगुंडीवर बसायचंय." सगळा विहार हसला. वय वर्षं त्रेपन्न, गुडघे दुखतात, आणि घसरगुंडी! पण ठरलं. गोजरबाईंनी फर्मान काढलं, "ज्यानं त्यानं आपापला डबा आणायचा. आत झाडाखाली बसून जेवू."

डबे आत जाणार नाहीत हे आम्हां दोघींनाच ठाऊक. सांगितलं असतं तर कुणीच डबा आणला नसता आणि कौसाबाईचा एकटीचा डबा डोळ्यांवर आला असता. म्हणून आम्ही गप्प. सव्वीस बायकांना उपाशी ठेवायचं पाप आमच्या डोक्यावर आहे.

जाण्याच्या दिवशी भाऊजी पहिल्या पाळीला गेले, तशी ती स्टुलावर चढली आणि माळ्यावरून कडीचा डबा काढला. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटाची चटणी, वर कांदा. संध्याला सुकट म्हणजे जीव की प्राण. बस वांगणीच्या पुढं जाईपर्यंत सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या.

"कौसा, काय मेलंय गं तुझ्या पिशवीत?" गोजरबाई ओरडल्या.

"भूक मेलीये," कौसाबाई म्हणाली.

गेटवर रांग लागली. संध्या खरंच होती. आधीच बारीक पोर, टोपीखाली आणखी बारीक दिसत होती. तिच्या मागं दोन पावलांवर सुपरवायझर हाताची घडी घालून उभा. आमच्या बायकांत विहारात नव्यानं आलेल्याच जास्त, संध्याला ओळखणारं कुणी नाही. गोजरबाईंना डोळ्यांना कमी दिसतं आणि त्या तर भांडण्यात गुंतलेल्या : "आमचं अन्न आम्ही खायचं नाही? हा कुठला कायदा?"

कौसाबाईची पाळी आली. संध्यानं वर पाहिलं. तिचा हात पिशवीवर तसाच राहिला. मग मागं सुपरवायझरच्या बुटाचा आवाज झाला आणि ती म्हणाली, "बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, मावशी."

पोटच्या पोरीनं आईला मावशी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. कौसाबाई म्हणाली, "हो, मॅडम."

डबा काढून तिनं टेबलावर ठेवला. संध्याचा अंगठा झाकणावरच्या नावावर गेला. नाव वाचलं, मग आईची निळी नखं पाहिली.

"आत काय आहे? वहीत लिहावं लागतं."

"भाकरी. सुकट."

"सुकट संध्याकाळपर्यंत टिकणार नाही, मावशी. दुपारच्या आत खायला लागेल."

"मग ज्याला भूक असेल त्यानं खावं, मॅडम."

संध्यानं वहीत काही न लिहिताच पितळेचं टोकन पुढं केलं. सत्तेचाळीस. ते देताना-घेताना दोघींची बोटं जरा जास्त वेळ एका जागी राहिली, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "चला की हो पुढं."

आत आम्ही काय केलं ते विचारू नका. खोट्या लाटांत पातळं भिजवली, महागडे वडे पाहून परत फिरलो. कौसाबाई घसरगुंडीकडं गेलीच नाही. तिथल्या कट्ट्यावर बसली, जिथून गेटचं पत्र्याचं छप्पर दिसतं. मी म्हटलं, "जाऊन बोल तरी." म्हणाली, "तिच्या पोटावर पाय येईल. बघतेय ना, छप्पर."

संध्याकाळी काउंटरवर दुसरी मुलगी होती. एकेकीनं टोकन देऊन डबा घेतला. कौसाबाई सगळ्यांच्या मागं, मूठ मिटून.

"कौसा, तुझा डबा?" गोजरबाई.

"राहू दे."

"राहू दे म्हणजे? स्टीलचा डबा! अहो मुली, आमच्या बाईचा डबा बघा, सुकटाचा, वासानं सापडेल." मुलीनं फळ्या पाहिल्या. डबा नव्हता. गोजरबाईंचा आवाज चढला आणि सुपरवायझर आला. "सकाळी कोण होतं ड्युटीला? गेस्टच्या सामानाला हात लावला असेल तर उद्यापासून घरी." मग कौसाबाईकडं वळला, "टोकन दाखवा."

कौसाबाई म्हणाली, "कसलं टोकन? मी डबा आणलाच नव्हता."

"अगं!" गोजरबाई म्हणाल्या. "मग बसमध्ये वास कसला होता?"

"माझ्या अंगाचा."

सगळ्या बायका खो खो हसल्या. तीही हसली. सुपरवायझर माझ्याकडं वळला, "तुम्ही सोबत होता ना, मावशी? डबा होता?"

दर रविवारी मी पंचशील घेते, खोटं बोलणार नाही म्हणून पाली भाषेत सांगते. त्या दिवशी मराठीत म्हणाले, "नव्हता."

बसमध्ये कौसाबाईनं मूठ उघडली. तळहातावर टोकनाची गोल खूण उमटली होती. "खाल्लं असेल ना गं तिनं?" बदलापूर येईपर्यंत तिनं मला चार वेळा विचारलं. मग म्हणाली, "डबा रिकामा परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालून आणेल ती. येईल."

पुढच्या साली स्वप्नालीनं पार्कला फोन करून पाहिलं, तर संध्यानं ती नोकरी सोडलेली. कुठं गेली, तिथं कुणाला माहीत नव्हतं.

त्या दिवाळीत भाऊजींनी रंग काढायला माळा रिकामा केला. भिंतीपलीकडून मी ऐकलं, "वीसच आहेत. डबा कुठाय?"

"जिचा होता तिच्याकडं गेला."

मग बराच वेळ नुसता भांडी पुसल्याचा आवाज येत राहिला. एकेक पुसून त्यांनी परत ठेवली.

गेल्या वर्षी, दोन हजार नऊला, त्यांनी खरवईला फ्लॅट घेतला. सामान टेम्पोत चढल्यावर कौसाबाई माझ्याकडं आली आणि टोकन माझ्या हातात ठेवलं. "तिला हाच पत्ता ठाऊक आहे. आली तर दार बंद दिसेल."

"आली तर डबा ठेवून घेऊ?"

"डबा नको ठेवून घेऊ. तिलाच घेऊन ये. रिक्षानं ये, चालवत आणू नको."

शेजारच्या खोलीत आता नवं बिऱ्हाड आहे. त्यांच्या दारावर थाप पडली तरी मी उठून बघते. कुरिअरवाला असतो, नाहीतर सिलिंडरवाला. टोकन खिडकीच्या खिळ्याला लावलंय, रिक्षाचे पैसे त्याच्या खालीच फळीवर ठेवलेत.