मी दाबलेला पट्टा

माझ्या थोरल्या भावाला लकवा मारला तेव्हापासून त्याच्या उजव्या हाताची मालीश मी करतो. तिळाच्या तेलात लसूण जाळायचा आणि कोमट असतानाच ते खांद्यापासून बोटांपर्यंत जिरवायचं. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम मी कितीदा चुकवला असेल; तेल कधीच नाही. व्यायामात भाऊ कण्हत असे आणि ते मला ऐकवत नसे.

त्याची मुलगी फिजिओथेरपी शिकते. यंदा सुट्टीत ती कॉलेजातून दोन वस्तू घेऊन आमच्या धाड गावी आली. एक डोळ्यांवर चढवायचा जाडजूड चष्मा, दुसरा कोपराखाली बांधायचा काळा पट्टा. पट्ट्याच्या आतून धातूच्या टिकल्या होत्या. बोटं हलली नाहीत तरी स्नायूंत जरा जरी हालचाल झाली, तर ती या टिकल्यांना कळते आणि चष्म्यात दिसणारा हात हलतो, असं तिनं समजावलं. तेवढंच ती म्हणाली. आम्ही मात्र ऐकलं ते असं, की हात जिवंत आहे की मेला, ते आज कळणार.

त्या सकाळी मी तेल जरा जास्तच चोळलं.

भाऊ खाटेवर बसला. चष्म्यात टेबल होतं, त्यावर लाल चेंडू; तेच चित्र आम्हाला शेजारच्या लॅपटॉपवर दिसत होतं, आणि त्याखाली स्नायूंची हालचाल दाखवणारी रेष.

"टमाटर हाय काय वं हे?" त्यानं मुलीला विचारलं.

"चेंडू हाय बाबा. मूठ आवळा."

भावाच्या कपाळावरची शीर तटतटली. लॅपटॉपवरची रेष सपाटच. पुन्हा जोर लावला, पुन्हा सपाट.

"मेला हा हात," तो म्हणाला. "सोडा मले."

माझा हात त्याच्या कोपराखाली आधाराला होता. मी अंगठ्यानं पट्टा दाबला. त्याचा तो आवाज मला बंद करायचा होता, दुसरं काही कारण नव्हतं. रेष उसळली, चष्म्यातली मूठ मिटली.

"धरला! धरला म्या!"

वहिनी पिठाच्या हातांनी धावत आल्या. भाऊ हसत होता, आणि ते हसू मला सोसवेना.

"मी दाबला," मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही. मग मोठ्यानं म्हणालो.

भावानं डाव्या हातानं चष्मा काढला. "काऊन बे? मले लेकरू समजला काय?"

"घ्या," वहिनी म्हणाल्या, "देवानं नाही देल्लं ते दिरानं देल्लं!"

पुतणीनं पट्टा सोडला. टिकल्या तेलानं चमकत होत्या. "काका, तेल लावलं काय?"

"रोजच लावतो."

"यांले साफ कातडी लागते. तेल असलं का काही समजत नाही."

वहिनींनी गरम पाणी आणि साबण आणला. मी पुढे झालो.

"तू नको," भाऊ म्हणाला. "तिले धुऊ दे."

पट्टा पुन्हा बांधला. भावानं पुन्हा जोर लावला. मग रेष थरथरली, खाली बसली, पुन्हा थरथरली. मूठ पुरती मिटली नाही, पण चेंडू जागचा हलला.

चष्मा न काढता त्यानं विचारलं, "कुठी हायेस तू?"

"दारात."

"तिथंच राह्य," तो म्हणाला, आणि पुन्हा मूठ आवळायला लागला.