सारिकाच्या फोनची बॅटरी

आमच्या धंद्यात 'घोस्ट टच' नावाचा एक फॉल्ट असतो. मोबाईल टेबलावर पडलेला असतो, कुणी हात लावलेला नसतो आणि स्क्रीनवर आपोआप अॅप उघडायला लागतात, कुणालाही कॉल लागतो. लोक घाबरून दुकानात येतात. एक काकू तर मोबाईलला हळद-कुंकू वाहून घेऊन आल्या होत्या, ते स्पीकरच्या जाळीतून काढताना माझी निम्मी दुपार गेली. मी डिस्प्ले बदलतो आणि भूत जातं. त्यामुळे अमानवीय वगैरे कुणी म्हटलं की मला आधी खराब डिस्प्लेच आठवतो... पुढचं सगळं असल्या स्वभावाच्या माणसानं लिहिलंय, एवढं धरून वाचा.

माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान निमगाव केतकीत आहे, इंदापूर-बारामती रोडला. काम बारामतीत शिकलो, पार्ट अजूनही तिथूनच मागवतो. बॅटरीच्या बाबतीत माझा हात धरणारा या रोडला कुणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगेल म्हणून किती दिवस वाट बघायची?

बॅटरी हेल्थ बघायची म्हणून लोक व्हिडिओ बघून कसले कसले कोड दाबतात. तिथं 'गुड' असं येतं आणि खूश होतात. अहो, ते गुड म्हणजे बॅटरी फार तापलेली नाही, एवढंच. फुगून पाव झालेली बॅटरीसुद्धा तिथं गुड दाखवते. काही नव्या अँड्रॉइडमध्ये सेटिंगमध्येच टक्के दिसतात, ते त्यातल्या त्यात बरं. पण जुन्या फोनची बॅटरी बाहेर काढून, फुल चार्ज करून, टेस्टरला लावून ती खरंच किती देते ते मोजावं लागतं. आणि त्याच्याही आधी माझी एक साधी टेस्ट आहे. बॅटरी काचेवर ठेवायची आणि बोटानं फिरवायची. चांगली असेल तर घासत जागेवर थांबते. फुगली असेल तर भिंगरीसारखी फिरते.

आता सारिका. सारिका माझी धाकटी बहीण आणि ती वायरमन आहे. खात्यात पदाचं नाव वेगळं आहे, पण गावात वायरमन म्हणजे वायरमन. कमरेला पट्टा, डोक्यावर हेल्मेट, आणि पोरगी सरळ पोलवर. नोकरीला लागली तेव्हा पारावरच्या मंडळींनी बरीच करमणूक करून घेतली होती — बाई काय पोल चढणार, पदर अडकेल वगैरे. आता वादळ झालं की तीच मंडळी फोन करून 'ताईंनाच पाठवा' म्हणतात. तिचा हेल्मेट घातलेला फोटो माझ्या काउंटरच्या काचेखाली आहे. गिऱ्हाईक टेम्पर्ड ग्लास लावायला येतं आणि बहिणीची सगळी हकीकत ऐकून जातं. बायको म्हणते, लोक आता पुढच्या दुकानात जायला लागलेत. जाऊ देत.

हिच्या कामातली एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. लाईनवर चढायच्या आधी वायरमन सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घेतो. म्हणजे ऑपरेटर ती लाईन बंद करतो, आणि वायरमन खाली उतरून 'काम झालं, लाईन घ्या' असं सांगत नाही तोवर ती चालू करत नाही. हे सगळं फोनवर चालतं. आणि सारिकाच्या फोनची तर ख्याती होती. कुणीही कधीही लावा, बंद. बॅटरी उतरलेली. सबस्टेशनला सगळ्यांना ते सवयीचं झालं होतं. मोबाईलवाल्याच्या बहिणीचा फोन बंद, म्हणून मला टोमणे बसायचे ते वेगळेच.

आदल्या संध्याकाळी मोठं वादळ झालं होतं. सकाळी सारिका लासुर्ण्याकडं कामावर निघाली होती, वाटेत दुकानात थांबली. "दादा, ह्याचं आज काय ते बघ. घरनं भरून निघाले, हितं येस्तोवर निम्मा." मी लगेच फोन गरम पॅडवर ठेवून मागचं कव्हर उघडलं, बॅटरी काढली, काचेवर फिरवली. फिरली. म्हटलं, नवीनच टाकावी लागेल, दुपारी बारामतीहून पार्सल येईल. तेवढं थांबायला ती तयार नव्हती, तिकडं लोक रात्रीपासून खोळंबले होते. मी सिम काढायची पिन शोधायला लागलो तर म्हणाली, सिम राहू दे, कुठला तरी चालू मोबाईल दे. मी दुकानाचा जादा फोन दुकानाच्याच सिमसकट दिला आणि ती गाडीला किक मारून गेली.

म्हणजे तिचा फोन, त्यात तिचं सिम, कव्हर उघडं, आणि बॅटरी बाहेर — असं सगळं माझ्या टेबलावर होतं. दिवसभर तिथंच होतं. मीही तिथंच होतो.

त्या बॅटरीची मी व्यवस्थित मोजणी केली. वर छापलेल्या आकड्याच्या निम्मंसुद्धा ती देत नव्हती. पण मी एका मोजणीवर विश्वास ठेवत नाही. म्हणून परत फुल चार्ज केली आणि दुसऱ्यांदा मोजायची म्हणून काचेवर बाजूला ठेवली. तेवढ्यात गिऱ्हाइकं आली आणि ते राहून गेलं.

उन्हं कलताना दुकानाच्या जादा नंबरवरून सारिकाचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. माझ्या फोनवरनं कुणी कॉल केला का, म्हणाली. मी हसलो. म्हटलं, तुझा फोन माझ्यासमोर पोट फाडून पडलाय, त्याच्यावरून कोण कॉल करणार? तिनं मला परत एकदा तेच विचारलं. मग म्हणाली, नानांना फोन लाव.

नाना म्हणजे सबस्टेशनचे ऑपरेटर. निवृत्तीला आलेले, शांत माणूस. सबस्टेशन कुठलं ते मी लिहीत नाही. नानांनी मला जे सांगितलं ते असं...

दुपारी ते ड्यूटीवर आले. आधीच्या माणसानं जाताना सांगितलं होतं की लासुर्ण्याकडं कामं चालू आहेत; सारिका आज दुसऱ्या नंबरवर आहे, हे सांगायचं मात्र राहून गेलं. त्याच लाईनवर पुढं एक दुसरी टोळीही काम करत होती. त्या टोळीचा नानांना फोन आला — काम झालं, लाईन घ्या. नानांना वाटलं, सगळ्यांचंच झालं. तरी सवयीप्रमाणे त्यांनी सारिकाच्या नंबरला फोन लावला. बंद. आता सारिकाचा फोन बंद म्हटल्यावर कुणाच्या मनात काय येणार? बॅटरी गेली असणार, पोरगी टोळीबरोबर खाली उतरली असणार. नाना उठले आणि लाईन चालू करायला गेले. हात स्विचपर्यंत पोचला होता. तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. स्क्रीनवर सारिकाचं नाव.

"नाना, लाईन घेऊ नका. मी वरच हाय."

एवढंच बोलून फोन कट झाला. नाना म्हणाले, आवाज तिचाच होता, वाऱ्याचा आवाजही येत होता. ते स्विचपासून मागं आले आणि खुर्चीत बसले. थोड्या वेळानं सारिकानं खाली उतरून दुकानाच्या नंबरवरून 'काम झालं' म्हणून कळवलं, तेव्हा ते तिला एवढंच म्हणाले की मगाशी तुझा फोन आला म्हणून तू आहेस. आणि ती म्हणाली, माझा फोन तर दादाकडं आहे.

फोन ठेवला आणि सारिकाचा मोबाईल पुढ्यात ओढला. बारामतीचं पार्सल आलेलंच होतं. नवीन बॅटरी टाकली, फोन चालू केला आणि कॉलची यादी उघडली. सगळ्यात वर 'नाना ऑपरेटर'. आउटगोइंग. आजचा. मी फोन परत बंद केला, परत चालू केला, परत बघितलं. कॉल तिथंच होता.

मग ती जुनी बॅटरी उचलली. काचेवर जिथं ठेवली होती तिथंच होती, कुठल्या वायरीला लागलेली नव्हती. टेस्टरला लावली तर शून्य. चार्ज करून ठेवलेली बॅटरी, पूर्ण शून्य. तुमच्यातले जाणकार म्हणतील, आतलं सर्किट ट्रिप झालं असेल. मलाही तेच वाटलं. बाहेरून झटका देऊन ती उठवायचा प्रयत्न केला. नाही उठली. इतकी कोरडी बॅटरी मी एवढ्या वर्षांत हातात धरलेली नाही.

कॉल लागला त्या वेळी मी समोरच बसलेलो होतो. मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. स्क्रीन उजळली नाही. मी एका मावशींच्या मोबाईलचा चार्जिंग पॉइंट साफ करत होतो. गोष्ट रंगवायची असती तर इथं काहीतरी टाकलं असतं, पण खरंच काही झालं नाही.

रात्रीची जेवणं व्हायच्या आधी सारिका घरी आली. आई तिच्यासमोर बसून होती, तिचा हात सोडत नव्हती. नानांनी नेमके काय शब्द ऐकले ते मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि नानाही तिला तेवढं बोलले नव्हते. मी तिला विचारलं, नक्की काय झालं वर?

ती म्हणाली, काम झालं होतं. संरक्षणाला लावलेलं अर्थिंगही काढून झालं होतं. उतरता उतरता वरचा एक नट ढिला दिसला, म्हणून परत चढली. तेवढ्यात लांब रस्त्यावर दुसऱ्या टोळीची गाडी सामान भरून निघालेली दिसली आणि तिच्या लक्षात आलं — ते आता लाईन घ्या म्हणून सांगणार. दुकानाचा मोबाईल खाली पिशवीत. हातात जाड हातमोजे. खाली उतरेपर्यंत वेळ मिळेल की नाही, माहीत नाही.

"मग काय केलंस?"

"वरडले."

"कुणाला?"

"नानांना. हसू नको दादा. आजूबाजूला नुसता ऊस, माणूस न्हाय. तरी वरडले. नाना, लाईन घेऊ नका, मी वरच हाय."

मी हसलो नाही. नानांनी मला सांगितलेले शब्द, अक्षर न् अक्षर तेच. ती ज्या पोलवर होती तिथून सबस्टेशन काही मैल लांब, आणि माझं दुकान उलट्या दिशेला त्याहून लांब.

आईनं डोळे पुसले आणि तिचं तिनं ठरवून टाकलं. उद्यापासनं ऑफिसातलं काम माग, न्हायतर घरी बस. मग माझ्याकडं बघितलं — तूही बोल. आणि खरं सांगतो, मला आईचं पटलं होतं. रोज काउंटरवर बहिणीचं कौतुक सांगणं सोपं असतं. ती परत वर जाणार, हे कळल्यावर छातीत जे होतं ते वेगळंच असतं. मी ठरवलं, सकाळी तिला एकटीला गाठून समजावायचं.

सकाळी मी उठायच्या आधीच ती गेली होती. नवीन बॅटरीचा फोनही घेऊन गेली नव्हती, तो दुकानातच होता; तिच्याकडं अजून दुकानाचाच जादा फोन होता. मी दुकानाचं शटर तेवढ्यापुरतं वर केलं. फोन घेतला, परत कुलूप लावलं आणि सरळ लासुर्ण्याच्या पुढं गेलो. उसाच्या बांधाला गाडी लावली तेव्हा ती पोलच्या निम्म्यावर होती.

इतकी वर्षं मी तिच्याबद्दल बोलतोय, पण तिला चढताना पहिल्यांदाच बघत होतो. घाई नाही. एक पाय, मग दुसरा, मग पट्टा वर सरकवायचा. वर पोचल्यावर ती आधी एकदा सगळीकडं बघून घेते. मग जे काम सुरू करते, त्यात इकडंतिकडं बघणं नाही. खाली चार शेतकरी उभे होते. त्यातले एक म्हातारे आबा मला म्हणाले, "काल जीव जाता जाता वाचला म्हणं पोरीचा. आज पुन्यांदा आलीया. तुमची कोण?"

"माझी बहीण," मी म्हणालो. मी हे इतक्या मोठ्यानं बोललो की वरून तिनं खाली बघितलं.

उतरल्यावर तिनं विचारलं, इथं काय करतोयस, दुकान कुणावर टाकून आलायस? मी सगळी वाक्यं पाठ करून आलो होतो. आई कशी रडली, ऑफिसातलं काम कसं बरं. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. म्हटलं, फोन द्यायला आलोय. तिनं फोन घेतला, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, अर्थिंग काढलं, आजूबाजूला एकदा बघितलं आणि मग तोच फोन काढून नानांना लावला.

"नाना, झालं काम. मी खाली हाय. घ्या लाईन."

थोड्या वेळानं चारी बाजूंच्या विहिरींवरच्या मोटारी एकापाठोपाठ सुरू झाल्या. आबांनी तिला हात जोडले, ती लाजून गाडीकडं वळली. संध्याकाळी आईनं विचारलं, बोललास का? मी म्हटलं, आई, एकदा तिला वर चढताना बघ, मग तूच बोल.

आता खाली कॉमेंटमध्ये तुम्ही काय काय लिहिणार ते मला माहीत आहे. सिमचं क्लोनिंग झालं असेल, कॉल फॉरवर्ड असेल, नानांचा भास असेल, आणि मीच गोष्ट रचली असेल. लिहा. यातलं प्रत्येक मी स्वतः तपासून बघितलंय आणि कुठलंच बसत नाही. ती बॅटरी बघायची असेल तर दुकानात या, तुमच्या टेस्टरवर लावून बघा. त्या दिवशी तो फोन कसा लागला, ते मला सांगता येणार नाही. पण पोलवर कोण होतं असं विचारलंत, तर बसा. चहा मागवतो आणि पहिल्यापासून सांगतो.