आईचा उजवा डोळा आणि मिशिगनचा कायदा

२००५ च्या उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी नागपूरहून आमच्याकडे मिशिगनमधल्या ट्रॉयला आली. येण्याआधी मी तिचा प्रवासी विमा काढला होता. विम्याची पुस्तिका जाडजूड होती. आजारी पडल्यास कोणता खर्च मिळणार नाही, याची माहिती तिच्यात सविस्तर होती.

पाहुण्या आईवडिलांना डॉक्टरकडे न्यायची आमच्या मराठी मंडळींची एक ठरलेली रीत होती. जुनं काही सांगायचं नाही. दुखणं भारतातच सुरू झालं असं एकदा कागदावर आलं, की विमा कंपनी हात वर करते. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एका पुणेकर मित्राने मला शिकवलं, ‘‘यार, ‘परवापासून’ एवढंच सांगायचं. बाकी डोकं लावू नकोस.’’

आईला येऊन पंधरा दिवस झाले आणि तिला उजव्या डोळ्याने नीट दिसेना. मी तिला जवळच्या क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टर तरुण आणि हसतमुख होता. कधीपासून होतंय, असं त्याने विचारलं. ते मी आईला मराठीत विचारलं.

‘‘नागपूरला होते तेव्हापासून विजा चमकल्यासारखं व्हायचं,’’ आई म्हणाली. ‘‘आता कडेने काळा पडदा सरकत येतोय.’’

अमेरिकेला येण्यापूर्वी मी वृत्तपत्रात उपसंपादक होतो. लांबलेला मजकूर छाटण्याचा मला पगार मिळत असे. मी डॉक्टरला सांगितलं, परवापासून अंधुक दिसतंय. डोळ्यात प्रकाश चमकतो का, असं त्याने मुद्दाम विचारलं. आईला न विचारताच मी नाही म्हणालो. त्याने बॅटरीच्या उजेडात डोळा पाहिला, मोतीबिंदूची सुरुवात आहे, घाई नाही, परत गेल्यावर दाखवा, असं सांगितलं. आम्ही त्याचे दोनदा आभार मानले.

चौथ्या दिवशी अर्धा डोळा काळोखात गेला. मोठ्या इस्पितळात कळलं, डोळ्याच्या आतला पडदा, रेटिना, सुटला होता, मोतीबिंदू नव्हताच. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, फक्त दृष्टी आली नाही. क्लिनिकने त्या दिवशीच इकडे पाठवलं असतं तर कदाचित डोळा वाचला असता, असं तिथल्या तज्ज्ञाने सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ओळखीतले सगळे सॉफ्टवेअर इंजिनिअर वकील झाले. पुणेकर मित्राला तर खटला जिंकल्यात जमा वाटत होता. खरा वकील त्या मानाने सावध होता. मिशिगनचा कायदा डॉक्टरांशी अदबीने वागतो, हे त्याने समजावून सांगितलं. दावा लावणार असल्याची नोटीस डॉक्टरला सहा महिने आधी द्यायची, त्याच शाखेच्या दुसऱ्या डॉक्टरकडून चूक झाल्याचं प्रतिज्ञापत्र आणायचं आणि साधारण दोन वर्षांच्या आत हे सगळं उरकायचं. तरीही त्याला प्रकरणात दम वाटला. डॉक्टरने डोळ्यात औषध घालून आतला भाग तपासलाच नव्हता.

मग त्याने क्लिनिकमधून मागवलेला कागद उघडला. दोन दिवसांपासून अंधुक. प्रकाश चमकणे : नाही. माहिती मुलाने दिली.

‘‘तुम्ही डॉक्टरला सांगितलं होतं ना? त्याने लिहिलं नसेल,’’ वकील म्हणाला. मी कागदावरची ती ओळ पुन्हा वाचली. त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी सावकाश. विचार करायला वेळ मिळावा, इतका सावकाश. हो म्हटलं असतं तर आईचा दावा उभा राहत होता.

मी म्हणालो, ‘‘नाही. आईने मला सांगितलं होतं. मी त्याला सांगितलं नाही.’’

वकिलाने पेनाला टोपण लावलं. गाडीत आईने विचारलं, तो काय म्हणाला? मी सगळं सांगितलं, विम्यासकट. आठवड्याने वकिलाचं पत्र आलं. प्रकरण आपण घेऊ शकत नाही, पण मुदत चालू आहे, तेव्हा हवं तर त्वरित दुसरा वकील गाठावा, अशी त्यात सूचना होती. खाली शुभेच्छा होत्या.

त्या रविवारी नागपूरहून मावशीचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होतो. आई सांगत होती, डॉक्टरला मोतीबिंदू वाटला, आणि इथल्या कायद्यात आपलं काही बसत नाही. मावशीने माझ्याबद्दल काहीतरी विचारलं असावं.

‘‘होता ना,’’ आई म्हणाली. ‘‘माझ्या शेजारीच बसला होता. बिचाऱ्याने सगळं नीट सांगितलं.’’