दस्ती टाकून धरलेली जागा

विमलताई गेल्याचं मला चिखलीच्या बसस्टँडवर कळलं. अमडापूरहून येणारी सकाळची गाडी लागली, दारात रेटारेटी झाली, पण खिडकीतून हिरव्या चौकड्यांची दस्ती काही आत पडली नाही. मी खालीच उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तुमच्या ताई काल रविवारी पहाटे गेल्या ना... झोपेतच." गाडी सुटायची वेळ झाली म्हणून मी चढले आणि बुलडाण्यापर्यंत उभ्याने गेले.

आमचं अकरा वर्षांचं अप-डाऊन. चिखलीत राहायचं आणि पोटासाठी रोज जिल्ह्याच्या गावी जायचं, असे आमच्याकडे पुष्कळ आहेत. विमलताई एका कचेरीत शिपाई होत्या, मी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला. मला गर्दीत घुसता येत नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हाक मारून मला शेजारी बसवलं, आणि मग रोज खिडकीतून आपला तो मोठा रुमाल, दस्ती, टाकून दोन जागा धरायच्या. कोणी भांडायला आलं तर म्हणायच्या, "माही बहीण येऊन राह्यली."

केळवद मागे पडलं की तीच दस्ती दोघींच्या मांडीवर पसरायच्या आणि डबा उघडायच्या. ज्वारीची भाकर, ठेचा, कधी अंबाडीची भाजी. पहिल्या दिवशी अर्धी भाकर माझ्यापुढे केली तेव्हा मी म्हटलं, उपास आहे. उपास नव्हता. विमलताई बौद्ध, आणि त्यांच्या हातचं खायचं नाही असं मला सासूनं बजावलेलं. सासू वारून तेव्हा तीन वर्षं झाली होती... दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास, मग गुरुवार, मग चतुर्थी. त्या हसायच्या. "काऊन वं सुमन, तुह्या देवाईले एखाद्या दिवशी सुट्टी देत जाय."

एका गुरुवारी मी छत्री गाडीत विसरले. दुपारी ती द्यायला विमलताई वसतिगृहाच्या मागच्या दाराशी आल्या. मी पोळी आणि वांग्याची भाजी खात बसले होते. घास हातातच राहिला. त्यांनी पाहिलं, छत्री दाराच्या कडीला अडकवली, "जेव, जेव," म्हणाल्या आणि गेल्या. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी जागा धरलेली होतीच. भाकर मात्र त्यांनी माझ्यापुढे केली नाही. पिशवीतून न सोललेलं केळ काढलं. "हे तं चालते ना?" त्यांचा हात सालीलाच लागणार, आत नाही, हे त्यांनी माझ्यासाठी शोधून काढलं होतं. मी ते खाल्लं. मग रोज केळ. ताई, भाकर द्या, एवढे तीन शब्द मला कधी बोलता आले नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या घरी गेले. पंगत बसली. त्यांची मुलगी वाढत वाढत माझ्यापाशी आली आणि थांबली. "मावशी, तुमच्यासाठी केळं आणलेत. आई सांगे, सुमनचा उपास असते."

म्हणजे माझी लबाडी त्यांनी घरातही झाकून ठेवली होती. वाढ बाई, असं अगदी ओठाशी आलं. पण शेजारी माणसं जेवत होती, मुलगी माझ्याकडे बघत होती... मी मान हलवली आणि केळ घेतलं.

निघताना तिनं ती दस्ती माझ्या हातात दिली. आईच्या पिशवीत होती म्हणाली. कुणाला तोंडाने सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते. त्या दस्तीनं धरलेल्या जागेवर मी अकरा वर्षं बिनदिक्कत बसले. तीच मांडीवर आली, वर भाकर आली, की मला सासू आठवायची.

ती मी अजून धुतलेली नाही. घडीत भाकरीचे कण आहेत. रोज पिशवीत घालून नेते. गाडी लागली की हात पिशवीत जातो, पण दस्ती बाहेर निघत नाही. लोक आत शिरतात, जागा भरतात. मी बुलडाण्यापर्यंत उभ्याने जाते.