बांधापलीकडचा तित्तर

१९९७ सालच्या जानेवारीत, एका गुरुवारी सूर्य उगवण्याआधी, मी ओढ्यापलीकडच्या बांधाआड पालथा पडून तित्तराचा आवाज काढला. ओढ्याच्या अलीकडे माझे वडील आणि थोरल्या बहिणीचा नवरा बसले होते. मी तिथे आहे हे त्यांना माहीत नव्हते.

आमचे गाव शिरूर आणि दौंडच्या मधल्या पट्ट्यात, भीमेपासून चार कोस आत आहे. आजोबांपर्यंत घरात मेंढरे होती. वडिलांनी ती विकून शेती धरली, पण मेंढरांमागे फिरताना लागलेला तित्तराचा नाद त्यांना सुटला नाही. घरी बांबूच्या पिंजऱ्यात एक पाळीव नर असे. तित्तर धरणे तेव्हाही कायद्याने गुन्हा होता आणि गावात ते सगळ्यांना ठाऊक होते. धरलेल्या पक्ष्याच्या पायामागची आर, म्हणजे टोकदार काटा, बोटाने चाचपून वडील बहुतेक वेळा त्याला सोडून देत. काही वेळा सोडत नसत.

पद्धत अशी होती. तित्तर रात्री बाभळीवर बसतो आणि फटफटायला लागले की झाडावरूनच ओरडतो. त्याआधी जाऊन ओढ्यात पिंजरा ठेवायचा आणि भोवती फासे रोवायचे. उजेडाची रेघ दिसली की पिंजऱ्यावरची खोळ काढायची. आतला नर बोलतो, झाडावरचा जबाब देतो. जबाब आला की लगेच खोळ टाकून आतल्याला गप्प करायचे. त्यानंतर माणसाने तोंडाने एकदाच, हलक्या आवाजात बोली द्यायची आणि हलायचे नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर बोलून गप्प झाला, हे झाडावरच्याला सहन होत नाही. तो खाली उतरून भांडायला येतो आणि फाशात अडकतो. एकदाऐवजी दोनदा बोली दिली तर त्याला संशय येतो आणि तो उलट्या बाजूला उतरून पळतो.

वडिलांचे पुढचे दोन दात १९९५ साली पडले. त्यानंतर त्यांच्या बोलीत वारा शिरू लागला. पक्षी फसेनात. त्यांना दुसऱ्याचे तोंड लागणार होते.

मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो, वय अठ्ठावीस. आठवड्याच्या सुट्टीला गावी येत असे. लहानपणापासून ती बोली मी ऐकली होती, त्यामुळे ती माझ्याकडेच येणार असे मी धरून चाललो होतो. पहिल्या सकाळी मी बोली दिली. बाभळीवरचा पक्षी गप्प झाला. वडील म्हणाले, "रेडिओवर बातम्या सांगितल्यावानी बोलतूस. त्याला राग यायला पायजे, माहिती न्हाई."

दाजी शिक्रापूरला खोली घेऊन राहत आणि तिथल्या एका कारखान्यात काम करत. गुरुवारी कारखाना बंद असे. एका गुरुवारी ते सहज बरोबर आले, तोंडावर तळहात वाकडा धरून एकदा बोलले आणि नर उतरला. वडिलांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या पाठीवर त्यांनी तसा हात ठेवल्याचे मला आठवत नाही.

त्यानंतर दर गुरुवारी पहाटे दाजींची मोटरसायकल दारात उभी राहू लागली. मी कार्यालयात अर्ज देऊन माझी सुट्टी सोमवारवरून गुरुवारवर घेतली. कारण 'घरगुती' असे लिहिले.

"काय पत्रकार, आज छापायला काय न्हाई व्हय?" दाजी विचारत.

"तुमचीच बातमी करायला आलोय."

"फोटू चांगला टाका म्हंजी झालं."

ओढ्यात वडील त्यांच्या शेजारी बसत. मला पिंजरा धरून मागे बसायला सांगत. घोंगडी एकच असे. ती दोघांच्या अंगावर पुरत असे.

दिवाळीनंतर वडील सर्वांसमोर म्हणाले, "माझं डोळं आता निभंना झालं. ज्याच्या बोलीवर पुढल्या उन्हाळ्यापतुर जास्त नर उतरत्याल, त्याला पिंजरा देऊन टाकणार." दाजी म्हणाले, "मामा, पिंजरा घरातच ऱ्हाऊ द्या." तोपर्यंत माझ्या बोलीवर एकही नर उतरला नव्हता. कार्यालयाच्या गच्चीवर मी रोज सराव करत होतो. छपाईखात्यातले लोक खिडकीतून बघत.

जानेवारीतल्या त्या गुरुवारी मी सर्दी झाली म्हणून अंथरुणातच राहिलो. ते दोघे गेल्यावर उठलो आणि कालव्याच्या वाटेने फिरून ओढ्यापलीकडे पोहोचलो. दाजींचा पक्षी बिघडवायचा, एवढेच मनात होते.

पिंजऱ्यातला नर बोलला. बाभळीवरून जबाब आला. दाजींनी बोली दिली. मग मी दिली. बाभळीवरचा पक्षी गप्प झाला.

अलीकडून वडिलांचा दबका आवाज आला. थंडीत तो स्पष्ट ऐकू येत होता. "थांबा, पाव्हणं. ह्यो दुसरा हाय."

मी पुन्हा बोललो.

"जुना नर हाय," वडील म्हणाले. "आवाज किती जड हाय बघा. आन् रागात हाय."

"मामा, तुमच्या पिंजऱ्यातल्यापेक्षा भारी हाय."

"व्हय. झाडावरचा सोडा. ह्योच पायजे."

दाजी माझ्या दिशेने तोंड करून बोलले. मी जबाब दिला. वडिलांनी त्यांना नियम मोडून तीनदा बोली द्यायला लावली. मी तिन्ही वेळा उत्तर दिले. दरम्यान बाभळीवरचा खरा पक्षी माझ्यापासून वीस पावलांवर उतरला आणि हरभऱ्यात पळाला. उजेड वाढला तेव्हा मी रांगत मागे सरकलो, कालव्यावरून धावत घरी आलो आणि गोधडीत शिरलो.

ते दोघे अर्ध्या तासाने आले. ओट्यावर चहा घेताना वडील आईला सांगत होते, "तीस वरसात असा नर ऐकला न्हाई. पाव्हण्यांनी एवढं बोलावलं, तरी जागचा हलंना. पण धरणार त्याला." मी आत पडून ऐकत होतो. उठून खरे सांगितले असते तर माझी बोली खरी ठरली असती. शिकार मीच मोडली, हेही सांगावे लागले असते. दाजी तिथेच बसले होते. मी उठलो नाही.

आई काढा घेऊन आत आली. माझ्या विजारीला कुसळे चिकटली होती. काही गोधडीवर पडली होती.

"सर्दीला कुसळं लागत्यात व्हय रं?"

तिने ती एकेक वेचून पदरात घेतली आणि चुलीत टाकली.

पुढच्या गुरुवारी दोघे पुन्हा त्याच ओढ्यात गेले. होळीपर्यंत एकही गुरुवार चुकला नाही. दुसरे पक्षी बोलत असले तरी वडील त्यांच्याकडे लक्ष देत नसत. त्यांना बांधापलीकडचाच पाहिजे होता. पूर्वी उजाडल्यावर परतत. आता ऊन चढेपर्यंत एका घोंगडीत बसत. दाजी आमच्याकडेच जेवू लागले. वडील मला म्हणाले, "येत जा की. ऐकशील तरी कसा बोलतो त्यो." मी दोनदा गेलो, पिंजरा धरून मागे बसलो. बांधापलीकडे कोणी बोलले नाही. मार्चमध्ये मी माझी सुट्टी पुन्हा सोमवारवर घेतली.

मे महिन्यात दौंडला वडिलांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. हिरवी पट्टी बांधून ते ओट्यावर बसले होते. त्यांनी दाजींना बोलावले आणि खुंटीवरचा पिंजरा काढायला सांगितले.

"तुमच्या बोलीला त्यानं जबाब दिला, पाव्हणं. दुसऱ्या कुणाच्या बोलीला दिला नसता. तुम्हालाच घावंल त्यो."

दाजींनी माझ्याकडे पाहिले. "पत्रकार, तुमची काय हरकत?"

"नाही," मी म्हणालो.

आई दारात उभी होती. दाजींनी पिंजरा मोटरसायकलच्या मागे दोरीने बांधला आणि ते शिक्रापूरला गेले. पिंजऱ्यावरची खोळ आईने आदल्या दिवशीच धुऊन ठेवली होती.