अर्ध्या किलोवर आलेली मावशी

रुग्णालयात तिला सगळे मावशी म्हणत. बावीस वर्षं ती वॉर्डात रुग्णांना उचलून बसवत होती, आणि संध्याकाळी हौसेने जिममध्ये साठ किलो उचलत होती. एके दिवशी बाथरूममध्ये एक जाडजूड आजोबा घसरले. मावशीने त्यांना वरच्यावर धरलं. आजोबांना खरचटलंही नाही, पण मावशीच्या उजव्या खांद्याचा स्नायू फाटला.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी फिजिओथेरपिस्टने जिममध्ये तिच्या हातात एक किलोचं डंबेल दिलं.

"एवढंच? अहो, माझी पर्स याहून जड आहे!"

"मग पर्सही डाव्याच खांद्याला लावा," तो म्हणाला.

दोन आठवडे मावशीने कळ काढली. शेजारी कॉलेजच्या पोरी धडाधड वजनं उचलायच्या, आणि हिचं आपलं एक किलो वर, एक किलो खाली. शेवटी तिचं डोकं फिरलं. फिजिओथेरपिस्टची पाठ वळताच तिने पाच किलो उचललं.

दुसऱ्या दिवशी हात कानापर्यंतही जाईना. लेकीने तिची वेणी घातली आणि तोंडसुखही घेतलं, "पेशंटना दटावतेस, घाई करू नका म्हणून. आणि स्वतः?"

फिजिओथेरपिस्टने तिला अर्ध्या किलोवर आणलं. ते चिमुकलं डंबेल पाहून तिला रडूच आलं. भिरकावून द्यावंसं वाटलं, पण तेवढाही हात उचलवत नव्हता. मग तिने नाक पुसलं आणि रागारागातच मोजायला सुरुवात केली.

वर्षभराने ती कामावर परतली. साठ किलो मात्र पुन्हा उचलता आलं नाही, आणि तो राग अजूनही गेलेला नाही.